तिसरा चावा

"आधी तोंडाला जाळी बांधतो, मग दार उघडा," निरीक्षक म्हणाले, आणि कुत्र्याने आपणहून तोंड पुढे केले.

इतका शहाणा कैदी त्यांना बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता. जाळी बांधून होताच तो खिडकीजवळच्या खुर्चीपाशी गेला आणि म्हातारीच्या मांडीवर हनुवटी टेकून बसला. बाहेर पिंजऱ्याची गाडी उभी होती.

नगरपालिकेचा नियम सरळ होता. कुत्रा चावला की दवाखान्याने कळवायचे. पहिल्या चाव्याला समज, दुसऱ्याला नोटीस, तिसऱ्याला कुत्रा धोकादायक ठरवून उचलायचा. दहा दिवस नजरेखाली ठेवायचा आणि मग सुई देऊन मोकळे व्हायचे. या घरातला हा तिसरा चावा होता. तिन्ही वेळा जखम एकाच बाईला झाली होती, कुत्र्याच्या मालकिणीला.

गल्लीतली पोरे निरीक्षकांना 'कुत्र्यांचा यम' म्हणत. त्यांनी ते केव्हाच अंगवळणी पाडून घेतले होते. चार वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याच्या रडण्याला भुलून त्यांनी एक कुत्रा सोडला होता. आठवड्यात त्याने एका मुलीचा गाल फाडला. तेव्हापासून त्यांनी कुणाच्या डोळ्यांतल्या पाण्याकडे बघणे सोडून दिले होते.

या घरात मात्र रडारड नव्हती, आणि तेच त्यांना खटकत होते. लोक चावा लपवण्यात पटाईत. पत्रा लागला, खिळा घुसला, मांजराने ओरबाडले; थापांना तोटा नसतो. या बाईने मात्र तिन्ही वेळा डॉक्टरांनी विचारायच्या आत सांगून टाकले होते, आमचाच कुत्रा चावला.

"आजींना कधी चावलाय?" त्यांनी विचारले.

"नाही."

"शेजारीपाजारी? पाहुणे?"

"नाही. फक्त मला."

"असं कसं?"

बाई शिलाईमशीनजवळ उभी होती. उजव्या मनगटावर जाड पट्टी, गळ्यात टेप. मशीनवरची उशीची खोळ अर्धवट शिवून तशीच पडली होती. "म्हातारा झालाय. फिरलं असेल डोकं," ती म्हणाली. "सही कुठे करायची ते सांगा."

निरीक्षकांना तिचा राग आला. बारा वर्षे सांभाळलेले जनावर, आणि ही जुने कपाट काढून टाकावे तशी निरोप देत होती. तिने पट्टीच्या हाताने कशीबशी सही केली. कुत्र्याकडे एकदाही पाहिले नाही.

त्यांनी पट्टा धरून कुत्र्याला उठवले. तो मुकाट निघाला. दोन पावले गेला असेल नसेल, तोच म्हातारी खुर्चीतून उठली आणि दारात आडवी आली.

"कुठे नेताय त्याला?"

"आजी, बाजूला व्हा. चावतो तो."

"कुणी सांगितलं? त्यानं आजवर कुणाला दात लावलेला नाही. चावते ती मी."

"आई, तू आत जा बघू," बाई म्हणाली. पण तिचा आवाज फाटला आणि निरीक्षक जागच्या जागी थांबले.

"पट्टी सोडा," ते म्हणाले.

ती सोडेना, तेव्हा त्यांनीच हलक्या हाताने गुंडाळी उलगडली. सुळ्यांची खोल भोके कुठेच नव्हती. बोथट, आखूड दातांच्या दोन अर्धगोल रांगा होत्या. दवाखान्यात गर्दी असते. पेशंटने कुत्रा म्हटले, की कागदावर कुत्रा लिहिला जातो.

"साहेब, हे कुठे लिहू नका," बाई घाईघाईने बोलू लागली. "भाऊ टपूनच बसलाय. आई चावते म्हटल्यावर उद्याच तिला वृद्धाश्रमात नेऊन टाकेल. पहिल्या वेळी माझ्या तोंडून कुत्रा निघून गेलं. दवाखान्याला कळवावं लागतं हे मला कुठे ठाऊक होतं? नगरपालिकेची समज आली तेव्हा कळलं. मग शब्द कसा फिरवू? काल हात इतका सुजला की सुई धरवेना, म्हणून जावंच लागलं. तुम्ही त्याला न्या. दोघांना नाही वाचवता येत मला." आणि मघापासून आवरून धरलेले रडणे तिला आवरेना.

निरीक्षकांना आपल्या मघाच्या रागाची लाज वाटली. त्यांनी तिने सही केलेला कागद फाडला आणि गुडघ्यावर बसून कुत्र्याच्या तोंडाची जाळी सोडली. कार्यालयात काय उत्तर द्यायचे ते पुढचे पुढे. तसेच बसल्या बसल्या त्यांनी वर पाहिले.

"आजी, लेकीला का चावता हो?"

"लेक?" म्हातारीने मशीनजवळच्या रडणाऱ्या बाईला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "ही कुठली लेक? माझी लेक शाळेत गेलीय. ही बाई रोज येते, माझे कपडे काढते, अंगावर पाणी ओतते. चावू नको तर काय करू?"

मग तिने निरीक्षकांच्या हातातला पट्टा ओढून घेतला आणि मुठीत घट्ट धरला.

"आणि कुत्रा माझ्या लेकीचा आहे. ती घरी आली आणि हा दिसला नाही, तर तिला मी काय तोंड दाखवू?"