तीन दगडांचं घर

दोन्ही तोंडांशी तीन-तीन दगड एकावर एक रचलेले होते.

करुणानं हेल्मेटवरचा दिवा आधी एकावर धरला, मग दुसऱ्यावर. गुहेतल्या या दालनाला सात तोंडं होती. ज्या तोंडातून आलो तिथं तीन दगडांची खूण ठेवायची आणि परतताना ती मोडायची, हा नियम. वाटेतल्या अकरा फाट्यांवर तिनं तो पाळला होता. इथंही तिनं एकच खूण ठेवली होती.

"मावशी, ही दुसरी कुणी रचली?"

चतुराबाईनं दोन्ही खुणांकडे आळीपाळीनं पाहिलं.

घड्याळात तीन वाजून आठ मिनिटं झाली होती. बाहेर पडायला पाऊण तास लागणार होता. गुहेच्या मुखाशी विश्वंभर सर बसले होते. डोंगराखालच्या गावातल्या या दोघींना त्यांनी महिनाभर वाटाड्याचं काम शिकवलं होतं आणि आज पहिल्यांदा त्यांच्याशिवाय आत सोडलं होतं. "नवा फाटा तुमचा तुम्ही निवडा. चारला बाहेर या. मला शोधायला यावं लागलं, तर वाटाड्याच्या कामाला शहरातली माणसं येतील." त्यांनी हे शांतपणे सांगितलं होतं. चुकीच्या तोंडात शिरलं, तर परत या दालनात यायलाच चार वाजले असते.

"मीच रचली," चतुराबाई म्हणाली. "तू वर बघून राहिली होती, तवा. घर रचलं."

"कसलं घर?"

"डोंगरावर देवाला जाताना आपलं घर व्हावं म्हणून रचतेत, तसं. घरात आमी तीन माणसं, म्हणून तीन दगडं."

"कोणत्या तोंडाशी?"

"तेच तर उमजंना. आपण अंधार बघाया दिवे मालवून बसलो अन् उठलो, तवापासून सगळी तोंडं एकसारखी दिसून राहिली."

चूक करुणाचीही होती. तिच्या वहीत वाटेचा सगळा नकाशा होता, या दालनाचं पान मात्र कोरं होतं. होकायंत्र होतं, पण इथल्या काळ्या दगडातल्या लोहानं त्याची सुई भरकटत होती.

पान कोरं राहिलं, कारण छतच तसं होतं. सुईसारखे पांढरे स्फटिक, बोटभर लांब, हजारोंनी. मान जराशी वळवली की उजेड त्यांच्यातून सरकत पार पलीकडच्या टोकापर्यंत जाई आणि तिथं विझे. नांगराच्या फाळाला लागून वर येणारी गारगोटी ती लहानपणापासून ओळखत होती. फुटकी, मातीनं माखलेली. तीच इथं अखंड होती. दगडात झिरपणाऱ्या पाण्यातून कणाकणानं वाढलेली, तेव्हा बघायला माणूसच नव्हता. हे सगळं तिनं पुस्तकात वाचलं होतं. तरीही पेन्सिल हातात धरून ती नुसती उताणी पडून राहिली होती.

तिनं नजर खाली आणली आणि ती चतुराबाईच्या बुटांवर थांबली. जवळा गावच्या बाजारातून आणलेले नवे बूट. लेस बांधता येत नाही म्हणून सकाळी करुणानंच बांधून दिले होते. आता तिथं गुरांच्या दाव्याला मारतात तशी गाठ होती.

"मावशी, तुम्ही बूट काढले होते?"

"मग? देवाच्या घरात बूट घालून फिरू काय?" चतुराबाई खालच्या आवाजात म्हणाली, जणू मुखाशी बसलेल्या सरांना ऐकू जाईल. "सरायला सांगू नको. नापास करतील."

"नाही सांगत. घर रचताना पाय उघडे होते का?"

"व्हय."

करुणा गुडघ्यांवर बसली. जमिनीवर जागोजागी राखेसारखी बारीक धूळ होती. पहिल्या तोंडापाशी बुटांच्या खाचा दिसल्या, दोन जोड्यांच्या, दालनाकडे येणाऱ्या. दुसऱ्या तोंडापाशी एकच ठसा होता. उघडं पाऊल. पाची बोटं, टाच, टाचेतली भेगसुद्धा.

"हे तुमचं घर," ती म्हणाली. "मोडावं लागेल."

"मोडते की." चतुराबाईनं वरचा दगड उचलला आणि इकडंतिकडं पाहिलं. थोड्या अंतरावर धुळीत तीन खळगे होते, कडा अगदी रेखीव. "हे इथं कवापासून पडून असतील?"

"छतातून निखळले तेव्हापासून. किती ते मलाही सांगता यायचं नाही. हजार वर्षं, कदाचित दहा हजार."

"अन् मी हलवले."

तिनं एकेक दगड नेला आणि खळग्यात नीट बसेपर्यंत हलके फिरवत राहिली. तिसरा बसायला वेळ लागला. करुणानं घड्याळ पाहिलं, पण घाई केली नाही.

"पावलाचं काय करू?"

"ते राहू द्या," करुणा म्हणाली. "पुसलं तर हाताचा ठसा राहील."

मग तिनं आपली खूण मोडली आणि दोघी आल्या पावलांवर पाय ठेवत त्या तोंडात शिरल्या.

बाहेर आल्या तेव्हा चार वाजायला चार मिनिटं कमी होती. विश्वंभर सरांनी वेळ लिहून घेतली. मग चतुराबाईच्या बुटांवरच्या गाठींकडे त्यांनी जरा जास्तच वेळ पाहिलं.

"आत काही राहिलं नाही ना?"

"न्हाई जी," चतुराबाई म्हणाली. "पाय तेवढा लागला माझा."

ती मागं वळली, वाकली आणि गुहेच्या मुखातल्या दगडाला बोटं लावून तिनं ती कपाळाला टेकवली.