एका ओळीची दुरुस्ती

दुपारी साडेबाराला, दारेसलामच्या ऑफिसात, म्वानाईदीला ती चूक दिसली. किल्व्याच्या किनाऱ्यावर दोन वाजता वादळ येणार, असं हवामान खात्याने कळवलं होतं. आणि ऑफिसच्या कोळ्यांसाठीच्या वेबसाइटवर वेळ होती आठ! तिचे बाबा आणि भाऊ सलुमू तिथलेच कोळी. तिने एका ओळीची कमांड दिली आणि चाळीस गावांच्या पानांवर एका दमात आठाचे दोन झाले.

दीडला तिचा सहकारी शबानी जेवून आला. तिने त्याला ऐटीत सांगितलं, "तू हाताने करत बसला असतास तर संध्याकाळ झाली असती."

शबानीने तिच्या स्क्रीनवरचे दोन बघितले.

"ते आठ मीच घातले होते, बाई! किनाऱ्यावरची माणसं तास उजाडल्यापासून मोजतात, सकाळी सहापासून. दुपारचे दोन म्हणजे त्यांचे आठ. शहरात आलीस आणि बापाचं घड्याळ विसरलीस?"

तिने आठ परत आणले. त्यालाही एकच ओळ लागली. मग बाबांना फोन लावला.

"बाबा, सलुमू कुठे आहे?"

"समुद्रावर. तुमच्या त्या आठांपायी सकाळपासून हातावर हात ठेवून बसला होता. मग त्या पानावर दोन आले. दिवसाचे दोन तर न्याहारीलाच वाजून गेले, पोरी. म्हणजे आता रात्रीचे दोन, सूर्य बुडाल्यावर दोन तासांनी. अंधार पडेपर्यंत काळजी नाही. मी म्हटलं, आभाळ बरं दिसत नाही रे. तर म्हणतो कसा, ताईच्या ऑफिसाने लिहिलंय, ती काय मला बुडवेल?"