गुडघ्यावरचे घाव

"घाबरू नका आजी," भूल देणाऱ्या दिव्या डॉक्टर म्हणाल्या. "कमरेत सुई दिली की खालचं काहीच कळणार नाही."

झालंही तसंच. गोंदियाच्या दवाखान्यात गुडघा बदलायला आलेल्या अनुसयाबाईला थोड्याच वेळात आपले पाय परक्याचे वाटू लागले. छातीपुढे हिरवा पडदा लागला. पडद्यापलीकडे तिच्या गुडघ्यावर हातोडीचा पहिला घाव पडला. तिला खरंच दुखलं नाही.

दाराबाहेर मात्र कुणीतरी कण्हलं.

दुसरा घाव पडला, तसं पुन्हा. तिसऱ्या घावाला तो माणूस ओरडलाच.

"बाहेर कोन ओरडून राहिला?"

"कुणीच नाही, आजी."

पण तिनं आवाज ओळखला. तो तिच्या नवऱ्याचा, सुकरामचा होता. धानाच्या रोवणीच्या दिवसांत ती गुडघा धरून बांधावर बसली की "नाटक करून राहिली" म्हणणारा सुकराम आज दवाखान्यात आलाच नव्हता. तो तिकडे दूर, इटियाडोह धरणाच्या बाजूला, आपल्या घरी होता.

आता तो रडत होता. तिचं नाव घेऊन, थांबवायला सांग म्हणून विनवत होता.

दिव्या डॉक्टर वाकल्या. "दुखतंय का? थांबायचं का?"

अनुसयाबाईनं पडद्याकडे पाहिलं.

"मले नाही दुखत," ती म्हणाली. "ठोका अजून."