टायर नंतर बघू

"काका, हा पाईप कुठल्या बाजूनं बाहेर काढू?" अंगणात उभ्या कॅम्परच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, पोटाखालून प्लंबरनं विचारलं.

उस्ताद पुढची काच पुसत होते. जन्मभर गॅरेज चालवल्यामुळे सगळी गल्ली त्यांना उस्तादच म्हणायची. आत पुढच्या सीटवर त्यांची बायको पट्टा लावून, नवी चप्पल घालून बसली होती. आज नाक्यापर्यंत पहिली चक्कर. ती नीट झाली की मग समुद्र. बाईनं साठी ओलांडली तरी समुद्र पाहिला नव्हता, आणि दर रविवारी गॅरेज उघडं ठेवणाऱ्या नवऱ्यानं तो दाखवलाही नव्हता.

"कसला पाईप?"

"संडासाचा. अंगणात चर खणून घराच्या ड्रेनेजला जोडायचाय."

उस्तादांना हसूच फुटलं. "अरे बाबा, गाडी आहे ही! खाली टाकी बसवलीय ना मी. भरली की वाटेत रिकामी करायची. जमिनीत पाईप गाडलास तर गाडी हलणार कशी?"

प्लंबर सरपटत बाहेर आला. "हलायची नाहीये म्हणाले साहेब. उद्या माणूस येतोय. चाकं काढून खाली सिमेंटचे ठोकळे लावणार."

साहेब म्हणजे उस्तादांचा लेक. तो ओट्यावर मोबाईल बघत उभा होता. आपला विषय निघालाय म्हटल्यावर खाली आला.

"सांगणारच होतो, बाबा. तुमच्या खोलीत माझं ऑफिस करतोय. आता घरूनच काम. आणि मी फोनवर असलो की आईचा खोकला सगळ्यांना ऐकू जातो."

"मग आम्ही?"

"हे काय, इथं! पंखा आहे, गरम पाणी आहे, सगळं आहे. घरापासून चार पावलांवर. तुम्हाला तुमचं स्वतंत्र."

काय लेक तरी! भंगारवाल्याच्या आवारात गंजून पडलेली ही कॅम्पर उस्तादांनी आणली, तेव्हा सून नाक मुरडत होती, पण हा बाजूनं उभा राहिला. नवीच्या फंदात पडूच नका, बाबा, जुनीच घ्या, तुमच्या हाताला तोड नाही, असं म्हणाला. मग उस्तादांनी गंज खरवडला, पत्रा ठोकून सरळ केला, इंजिन उतरवून पुन्हा चढवलं. ह्यानं पलंग बुटका करून घ्या म्हटलं, तो केला. पायरी रुंद केली, संडासात धरायला दांडा बसवला, वर दुसरा दिवा आला. ह्यातल्या कशालाही पैसे देताना पोरानं कुरकुर केली नाही. लेक असावा तर असा, असं उस्ताद गल्लीभर सांगत सुटले होते. फक्त जुने टायर बदलायची गोष्ट काढली की तो म्हणायचा, "टायर नंतर बघू." लोकांच्या इंजिनाचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस, पण पोटच्या पोराच्या आवाजातलं काही त्याला ऐकू आलं नाही.

"आईला समुद्र दाखवायचा होता रे," उस्ताद म्हणाले.

"ह्या वयात कुठं हिंडताय, बाबा!"

"मग जुनी घ्या, जुनी घ्या, असं कशाला लागला होतास माझ्यामागे?"

"बरोबरच होतं की ते. एका जागी उभी करून ठेवायला नवी गाडी कोण घेतं?"

उस्तादांच्या अंगाचा तिळपापड झाला. फडकं फेकून ते गाडीत चढले. "माझी गाडी आहे ही! बघू कोण अडवतं!" म्हणत त्यांनी चावी फिरवली. गाडी हूं की चूं करेना. पुन्हा फिरवली.

"बॅटरी काढून ठेवलीय मी," लेक खिडकीशी येऊन समजुतीच्या सुरात म्हणाला. "उगाच आईला घेऊन कुठंतरी अडकाल."

 उस्तादांना लाज वाटली ती लेकाची नव्हे, स्वतःची. समोरच्या काचेतून रस्ता स्वच्छ दिसत होता. आत्ताच तर पुसली होती काच.

"अहो, निघायचं ना? ऊन चढेल," बायको म्हणाली. मग तिनं दोघांच्या तोंडाकडे पाहिलं.

"आई, उतर गं खाली," लेक म्हणाला. "आज नाही जायचं."

तिनं मान वळवून ओट्याकडे पाहिलं. तिचा पलंग तिथं आडवा करून ठेवला होता. गादी वळकटी करून भिंतीशी उभी होती.

"उतरून कुठं जाऊ रे?" ती म्हणाली. "सकाळी पलंग बाहेर काढलास, तेव्हा मला वाटलं, खोली रंगवतोयस."

लेकाचा फोन वाजला. फोन कानाला लावून, हातानं जरा थांबा अशी खूण करत तो घरात गेला. दार लागलं.

प्लंबर बिचारा अवघडून उभा होता. घरातही बघेना आणि गाडीतही बघेना. शेवटी त्यानं कुदळ उचलली आणि चर खणायला लागला. बायकोनं पट्टा काढला नव्हता. चप्पल पायात, हात मांडीवर, समोर बघत ती तशीच बसून राहिली.

उस्ताद खाली उतरले. चराच्या कडेला उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे करून प्लंबरच्या हातातली कुदळ घेतली.

"उतार कमी धरलायस तू," ते म्हणाले. "असा पाईप टाकलास तर तुंबेल. रोज राहायचंय तिला इथं."