सोयुलचं नाक

आम्हा मायलेकींना कोविड झाला तेव्हा सोयुल वर्षाची होती. ती खडखडीत बरी झाली, मला वास येणं मात्र गेलं ते गेलंच. आता ती सहाची आहे. बाहेर पडताना मी रोज विचारते, "सोयुल, गॅसचा वास येतोय का गं?"

"नाही, आई." मगच मी दार ओढते.

काल किनाऱ्यावरच्या मोकपो शहरातून सासूबाई तिथला खास, उग्र वासाचा आंबवलेला मासा घेऊन आल्या. डबा उघडताच नवरा नाक दाबून गॅलरीत पळाला. सोयुल मात्र डब्यात डोकं घालून मजेत बघत राहिली.

"बघ रे पळपुट्या! पोरीनं नाकसुद्धा मुरडलं नाही. खरी मोकपोची माझी नात!" सासूबाई खदखदून हसल्या.

 

मी स्वयंपाकघरात धावले आणि आधी गॅसचं बटण तपासलं.