चुन्याची भिंत

"तेवढं विहिरीचं काप," सरपंच आकारामअण्णा म्हणाले. "मग लाव खुशाल."

जोतीरामने सिनेमाच्या यंत्रावरचा हात काढला नाही. यंत्र त्याने सांगलीहून जीपमधून आणलं होतं. त्याच्या सिनेमाला दिल्लीत पदक मिळालं होतं. पण त्यात काम केलेले धनगर वडूजच्या पूर्वेकडच्या या त्याच्याच गावचे, आणि त्यांनी तो अजून पाहिला नव्हता. चुना लावलेली मोठी भिंत गावात एकच, सरपंचांच्या घराची. दिवस मावळायच्या आतच लोक तिच्यासमोर येऊन बसले होते.

सकाळी याच भिंतीपुढे सरपंचांनी जोतीरामला गुलाबी फेटा बांधला होता. दुपारी कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, की बाहत्तरच्या दुष्काळात त्यांनी विहिरीवरून धनगरांची मेंढरं हाकलली, ते सिनेमात आहे. नाव बदललेलं होतं. विहीरही दुसऱ्या गावची होती. पण ओळखायला कुणाला वेळ लागणार नव्हता.

"माझ्याच भिंतीवर माझी अब्रू काढतोस व्हय रं? काप की. दिल्लीला कोन सांगाय जातंय?"

"दिल्लीत कापलं न्हाई, अण्णा. हितं तर न्हाईच कापायचं."

"मग भिंत मिळायची न्हाई."

पुढेच तानुबाई बसली होती. सिनेमात विहिरीवर उभी राहून बोलणारी तीच. "आवं अण्णा," ती म्हणाली, "आख्ख्या शिनमात मी तेवढंच बोललीया. बाकी समदी मेंढरंच वरडत्यात. मेंढरं ठेवता आन् माजंच तोंड कापता व्हय?"

लोक हसले. सरपंच भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

जोतीरामने डोक्यावरचा फेटा काढला आणि त्यांच्या ओट्यावर ठेवला. "ह्यो तुमचा तुमाला." फेटा सुटला, ओट्यावरून खाली लोळत गेला.

म्हातारा कोंडीबा त्या कापडाकडे बघत राहिला. मग उठला. "सुटला की केवढा हुतोय, बगा. पर रंगीत चालायचा न्हाई." त्याने डोक्यावरचा आपला पांढरा पटका सोडायला सुरुवात केली.

बायकांनी पदर डोक्यावर ओढले. धनगरांत पुरुष चारचौघांत पटका सोडतो तो मयतीलाच.

"कोंडीबा, कोन मेलं रं, पटका सोडाय?" सरपंच ओरडले.

"दुष्काळात मेंढरं मेली, अण्णा. तवा सोडायचा ऱ्हायला हुता."

धुळाने सोडला. बिराप्पाने सोडला. मग कुणी कुणाकडे बघायला थांबलं नाही. तानुबाईने दाभण मागवलं. घोंगडीच्या पट्ट्या जोडतात तसे बायकांनी पटके एकमेकांना जोडले आणि भिंतीसमोरच्या पटांगणात, गावच्या दोन कडुलिंबांच्या मधे, तो पडदा ताणून बांधला.

अंधार पडला तसं यंत्र सुरू झालं. उघड्या डोक्यांनी माणसं बसली होती. पडद्यावरची मेंढरं ओरडली, तशी मेंढवाड्यातली खरी मेंढरं त्यांना ओ देऊ लागली. सगळे हसले. मग विहीर आली, आणि कुणी हसलं नाही.

"मारा काठी," पडद्यावरची तानुबाई म्हणत होती. "पानी पिल्याबिगर एक मेंढरू हलायचं न्हाई."

सरपंच ओट्यावर बसले होते. पडदा दिसू नये म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. पण धुऊन धुऊन पटके विरले होते आणि उजेड त्यांतून आरपार येत होता.

सरपंचांनी मान वर केली. समोर चुन्याच्या भिंतीवर तानुबाई उभी होती, पडद्यावर होती त्याच्या दुप्पट.