हिरवा ठिपका

मंदार वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमधून एकटाच काम करायचा. लॅपटॉपवर त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा पडला, की पुण्याहून त्याच्या बॉस हेमलतामॅडम थेट खालच्या घरमालकांना फोन लावत, "जरा वर जाऊन बघता का?" शेवटी वैतागून, माउस हलत राहून ठिपका हिरवाच राहावा म्हणून, त्यानं तो फिरत्या टेबलफॅनच्या मानेला बांधला.

आज मीटिंग चालू असतानाच तो बाथरूममध्ये घसरून पडला. पाय हलेना. फोन टेबलावर. जिवाच्या आकांतानं हाका मारल्या, पण लॅपटॉपचा माइक त्यानंच बंद केला होता.

"मंदार, आहेस ना रे?" लॅपटॉपमधून मॅडमचा आवाज आला.

"आहे मॅडम, हिरवा दिसतोय," कुणीतरी म्हणालं.

"शिका जरा त्याच्याकडून! सकाळपासून जागचा हललेला नाही."

पंखा इमानेइतबारे मान फिरवत होता. मंदार आयुष्यात पहिल्यांदाच वीज जायची वाट बघू लागला.